स्पीकर किती खातो? आठ वॉटची शंभर वर्षं

(या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे "म्हणजे म्हणजे" आणि खोकला काढून टाकलाय, बाकी तसंच आहे.)

आजचा भाग लढायांचा नाही, तहांचाही नाही. सुरुवात एका चुकीपासून करतो, आणि चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी एक व्हॉल्व्ह अँप्लिफायर घेतला. ट्यूब अँप म्हणतात तो. सेकंडहँड, कारण नवा परवडणारा नव्हता. वर जुन्या शंभरच्या बल्बएवढे दोन मोठे व्हॉल्व्ह, त्यांचं नाव ३०० बी. दिवे बंद केले की नारंगी उजेड पडतो. ताकद किती? एका बाजूला ८ वॉट. माझी जवळजवळ चार महिन्यांची बचत त्यात गेली. स्पीकर आधीच घरात होते, टेबलावर मावणारे, चांगले नावाजलेले. रिव्ह्यू वाचून घेतले होते. मी वायर जोडली, फोटो काढला, स्टेटसला टाकला. झालं.

मग माझे मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले आणि आठ दिवस आमच्या फ्लॅटवर राहिले. मामांची सातारा जिल्ह्यात लाऊडस्पीकर सर्व्हिस होती. लग्न, जत्रा, गणपती, निवडणूक, जे येईल ते. डोळ्याला पट्टी, टीव्ही बघायचा नाही, त्यामुळे संध्याकाळी मी त्यांना गाणं लावून दिलं. ख्यालाचं लाइव्ह रेकॉर्डिंग होतं. आलाप छान चालला. तानपुरा खोलीभर पसरला. मामा मान डोलवत होते. मग लय वाढली, तबला चढला, गायकाने वरचा षड्ज लावला आणि आवाज एकदम चपटा झाला. कुणीतरी तोंडावर उशी धरावी तसा.

मी म्हणालो, "मामा, हा ट्यूबचा साउंड आहे. वॉर्म म्हणतात याला."

मामा म्हणाले, "वॉर्म नाही रे, मशीन दमलंय. स्पीकर किती खातो तुझा?"

आमच्याकडे अँप्लिफायरला मशीनच म्हणतात. मी सांगितलं, आठ ओहमचा आहे. ते म्हणाले, "ते नाही विचारलं. एक वॉट दिला तर बोलतो किती?"

मी बीटेक आहे. सर्किट थिअरीत बरे मार्क होते. आणि या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. स्पीकर उलटा करून पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं. ८५ डीबी. मामांना डीबी माहीत नाही, पण मी आकडा सांगून त्याचा अर्थ शोधेपर्यंत ते झोपले होते. मी मात्र त्या रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. आजचा भाग त्या वाचनाचा आहे.

आधी तो आकडा समजून घेऊ. स्पीकरला १ वॉट वीज दिली आणि १ मीटरवर माइक ठेवला तर किती आवाज येतो, ते डेसिबलमध्ये सांगतात. हीच सेन्सिटिव्हिटी. डेसिबलची गंमत अशी की ३ डीबी वाढवायचे असतील तर वॉट दुप्पट लागतात. १० डीबी वाढवायचे तर दहापट. आणि १० डीबी वाढले तरी कानाला ते साधारण "दुप्पट मोठं" एवढंच वाटतं. म्हणजे कान कंजूष आणि बिल मोठं.

आता हिशेब करा. माझ्या ८५ डीबीच्या स्पीकरला १०० वॉट दिल्यावर जेवढा आवाज निघेल, जवळजवळ तेवढाच आवाज ९६ डीबीचा स्पीकर फक्त ८ वॉटमध्ये काढतो. अकरा डीबीचा फरक म्हणजे साडेबारा पट वीज. मी अँप घेताना वॉटवर तासन्‌तास घालवले होते आणि साडेबारा पटीचा आकडा पाठीमागच्या स्टिकरवर धूळ खात पडला होता.

आणखी एक आकडा, तो वाचून मी खरंच हसलो. ९२ डीबीचा साधा डबा-स्पीकर मिळालेल्या विजेपैकी साधारण १ टक्का आवाजात बदलतो. ८५ वाला ०.२ टक्के. उरलेली सगळी वीज तारेच्या वेटोळ्यात गरम होऊन जाते. मी चार महिन्यांच्या बचतीतून ८ वॉट विकत घेतले आणि त्यातले हवेत जात होते जेमतेम १६ मिलीवॉट. बाकीचा हीटर.

मग प्रश्न पडतो की हे ८ वॉटचे अँप कुणी, कशासाठी बनवले? एवढ्या कमी ताकदीत लोक ऐकायचे काय?

इथे इतिहास सुरू होतो.

शंभर वर्षांपूर्वी वॉट ही फार महाग गोष्ट होती. ली डी फॉरेस्टने १९०६ च्या सुमारास तीन टोकांचा व्हॉल्व्ह केला. त्याच्यामुळे बारीक सिग्नल मोठा करता येऊ लागला, पण किती मोठा? सुरुवातीच्या व्हॉल्व्हमधून वॉटचा काही भाग निघायचा. म्हणून विजेचा प्रत्येक थेंब वापरणारा स्पीकर हवा होता. उत्तर जुनंच होतं: कर्णा. ग्रामोफोनला असतो तो. पातळ पडदा हवेला नुसता ढकलायला गेला तर हवा बाजूला सरकते, पकडीत येत नाही. पडद्यापुढे अरुंद नळी लावून ती हळूहळू रुंद करत नेली की हवा पकडीत येते. गाडीच्या गिअरसारखं समजा. १९१९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचं भाषण सुमारे ५० हजार लोकांनी ऐकलं, ते मॅग्नाव्हॉक्सच्या अशाच कर्ण्यांतून.

मग सिनेमा बोलू लागला. ऑगस्ट १९२६ मध्ये न्यूयॉर्कला 'डॉन जुआन' लागला, संगीत रेकॉर्डवरून वाजत होतं, यंत्रणा वेस्टर्न इलेक्ट्रिकची. मोठं थिएटर, वरपर्यंत बाल्कनी, आणि हाताशी मोजके वॉट. बेल लॅब्जच्या वेन्टे आणि थुरास या दोघांनी त्यासाठी जे युनिट बनवलं, त्याचा नंबर ५५५. लांब कर्ण्याला जोडलं की ते विजेपैकी जवळजवळ निम्मी ताकद आवाजात बदलायचं. निम्मी! त्या काळातले बाकीचे स्पीकर १ टक्क्याच्या आसपास होते. माझा आजचा स्पीकर ०.२ वर आहे, हे पुन्हा सांगत नाही.

पाच वर्षांत हे वारं आपल्याकडे आलं. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. पडद्यावरची माणसं बोलायला लागली की थिएटरवाल्याला पहिला प्रश्न हाच, शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळतोय का? शब्द. बास वगैरे नंतर.

आणि आता माझ्या अँपची वंशावळ. १९३६ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिकने लहान थिएटरांसाठी ९१ नंबरचा एक अँप्लिफायर काढला. त्यात शेवटी एकच मोठा व्हॉल्व्ह, ३०० ए. माझ्या ३०० बी चा थोरला भाऊ. ताकद? साधारण ८ वॉट.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. ज्या ८ वॉटमध्ये माझी दहा बाय बाराची खोली भरत नव्हती, त्याच ८ वॉटमध्ये एक आख्खं छोटं थिएटर चालायचं. म्हणजे माझ्या अँपमध्ये काही खोट नव्हती. तो ज्याच्यासोबत संसार करायला जन्माला आला, तो कर्णाच मी घरी आणला नव्हता.

सकाळी मामांना हे सांगितलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "माझ्याकडं तीस वॉटचं व्हॉल्व्हचं मशीन होतं. दोन कर्णे झाडाला बांधले की ओढ्यापलीकडच्या वस्तीला हळदीची गाणी ऐकू जायची. त्याच मशीनला एकदा एकाचा शोभेचा डबा लावला, मांडवाबाहेर ऐकू येईना." मामांच्या दृष्टीने हा शोध नव्हता, मंगळवार होता.

बरं, मग जगाने असे स्पीकर करणं सोडलं कधी? आणि का? मला वाटतं या गोष्टीचा गाभा इथे आहे.

घरातल्या स्पीकरची वाट १९२५ मध्येच वेगळी झाली होती. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्णा नसलेला, कागदाच्या शंकूचा स्पीकर केला. आज तुमच्या गाडीत, टीव्हीत, कानातल्या इअरबडमध्ये जे आहे, त्या सगळ्याचा आजोबा तोच. कर्ण्यापेक्षा तो जास्त वीज खायचा, पण आवाज सपाट आणि मोकळा. तरी पुढची पंचवीस-तीस वर्षं वॉट महागच होते, म्हणून शंकू हलका ठेवायचे, लोहचुंबक तगडं, आणि पेटी मोठी. आपल्या घरातले जुने रेडिओ आठवा. ठाण्यात मर्फीचा कारखाना होता. साठच्या दशकापासून बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्हही बनायचे. अशा रेडिओंत शेवटी बहुतेक वेळा एक छोटा व्हॉल्व्ह असायचा, तीन-चार वॉट द्यायचा. मागून उघडी लाकडी पेटी, पातळ कागदाचा शंकू. आणि बातम्या आख्ख्या वाड्याला ऐकू जायच्या.

कर्ण्याच्या बाजूने हट्ट धरून बसलेला माणूस म्हणजे पॉल क्लिप्श. दुसऱ्या महायुद्धात आर्कान्सामधल्या होप नावाच्या गावाजवळ लष्कराच्या चाचणी केंद्रात होता. त्याच्या डोक्यात प्रश्न असा: खालच्या स्वरांसाठी कर्णा फार मोठा लागतो, खोलीएवढा, मग खोलीलाच कर्णा का करू नये? त्याने घडी घातलेला कर्णा पेटीत बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ढकलली. दोन भिंती आणि फरशी, हाच कर्ण्याचा पुढचा भाग. क्लिप्शहॉर्न. १९४६ पासून बनतोय, अजूनही बनतो. सेन्सिटिव्हिटी शंभर डीबीच्या वर. देशाला खरी गरज एका चांगल्या पाच वॉटच्या अँपची आहे, असं तो म्हणायचा म्हणतात. मला हा माणूस आवडतो. पण त्याचा स्पीकर ठेवायला दोन रिकामे कोपरे लागतात आणि माझ्या खोलीच्या एका कोपऱ्यात दार आहे, दुसऱ्यात रूममेटची सायकल.

आणि हीच अडचण अमेरिकेतही होती, फक्त सायकलऐवजी सोफा. १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या एका छोट्या कंपनीने, अकूस्टिक रिसर्चने, एआर-१ नावाचा स्पीकर काढला. कल्पना एडगर विल्चरची, सोबत त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस. पेटी पूर्ण बंद केली, आतल्या कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंग म्हणून वापर केला, शंकू जड केला. पेटी शेल्फवर मावेल एवढी आणि बास असा की लोक मोठी कपाटं शोधायला मागे वळून बघायचे. किंमत काय मोजली? सेन्सिटिव्हिटी. जड शंकू हलवायला वीज जास्त लागते.

क्लॉसचा पुढच्या कंपनीतला एक भागीदार, अँटन हॉफमन, त्याच्या नावाने आज एक नियम सांगतात. हॉफमनचा लोखंडी नियम. खोल बास, छोटी पेटी आणि जास्त सेन्सिटिव्हिटी. या तिनांतल्या कुठल्याही दोन घ्या, तिसरी मिळणार नाही. हे मत नाही, हवेचं गणित आहे. कुठलंही ॲप, कुठलाही डीएसपी ते बदलू शकत नाही. तुमच्या ब्लूटूथ स्पीकरने तिसरी गोष्ट सोडलीय आणि आत वॉट कोंबलेत, एवढंच.

१९५८ मध्ये स्टिरिओ रेकॉर्डी दुकानांत आल्या. आता स्पीकर एक नाही, दोन लागणार. ज्या घरात एक मोठं कपाट कसंबसं सहन होत होतं, तिथे दुसरं कोण आणू देणार? छोट्या पेट्या जिंकल्या. आणि त्या जिंकू शकल्या कारण पाठोपाठ ट्रान्झिस्टर आले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला घरच्या अँपमध्ये दहा-पंधरा-वीस वॉट म्हणजे बरे समजत. १९६७ मध्ये क्राउन कंपनीने डीसी-३०० काढला, एका बाजूला १५० वॉट, ट्रान्झिस्टरवर. वॉट स्वस्त झाले. आणि वॉट स्वस्त झाल्यावर स्पीकर बनवणाऱ्यांनी ते खर्च करायला सुरुवात केली.

माझ्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. रॅम महाग होती तेव्हा लोक एकेक बाइट मोजून कोड लिहायचे. रॅम स्वस्त झाली आणि आज साधं नोट लिहायचं ॲप चारशे एमबी खातं. कुणी वाईट हेतूने केलं नाही. स्वस्त गोष्ट जपून वापरायला कुणी पगार देत नाही. सत्तरच्या दशकात बीबीसीने आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा इवलासा स्पीकर केला. माणसाचा आवाज त्याच्याइतका खरा फार थोड्यांवर येतो. सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डीबी. त्याच्यात आणि क्लिप्शहॉर्नमध्ये वीस डीबीहून जास्त फरक, म्हणजे शंभरपटीहून जास्त वीज. गाडीतल्या जागेपुढे त्या इंजिनिअरांना ते चालणार होतं आणि त्यांचं बरोबर होतं.

थांबा, इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मामाचा पक्ष घेतोय. कमी सेन्सिटिव्हिटी म्हणजे वाईट स्पीकर, असं अजिबात नाही. आणि "व्हॉल्व्ह आहे म्हणजे कर्णाच पाहिजे" हेही नाही. इंग्लंडच्या पीटर वॉकरने १९५७ मध्ये क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला. तो आवाजाला मंद, पण त्याच्याच १५ वॉटच्या व्हॉल्व्ह अँपवर तो असा वाजायचा की आजही लोक जुने शोधून दुरुस्त करून घेतात. अट एकच. मोठ्याने लावायचं नाही, खोली लहान, आणि ऐकणारा जागेवर बसलेला. जोडी जमवून केलेली होती. माझी जमवलेलीच नव्हती.

मधल्या काळात वेस्टर्न इलेक्ट्रिकची ती थिएटरातली यंत्रं भंगारात निघाली होती. अमेरिकेत कुणाला नको होती. ती उचलली जपानी शौकिनांनी. सत्तरच्या दशकात तिकडे कमी वॉटचे, एका व्हॉल्व्हचे अँप आणि जुने कर्णे यांची जोडी घराघरांत पुन्हा लागली, तिथून ते वेड फ्रान्सला गेलं, मग नव्वदच्या दशकात परत अमेरिकेत. वेस्टर्न इलेक्ट्रिकने ३०० बी बनवणं १९८८ मध्ये थांबवलं होतं, दहा वर्षांच्या आत पुन्हा सुरू करावं लागलं. जपान्यांनी अँप आणि कर्णा दोन्ही नेले. नंतर जगभर पोचला तो मात्र जास्त करून अँप, कारण तो सुंदर दिसतो, पेटीत मावतो, कुरिअरने येतो. कर्णा मागे राहिला. माझ्या टेबलावरची ती नारंगी काच म्हणजे अर्धी वाक्यरचना होती. कर्ता होता, क्रियापद नव्हतं.

आता घर. मामा ऑपरेशन होऊन परत गेले आणि मी ठरवलं की स्पीकर बदलायचे. एका ओळखीच्यांनी शंभरच्या आसपासचे हॉर्न स्पीकर दोन दिवस ऐकायला दिले. पहिल्या मिनिटाला लक्षात आलं, गाणं सुरू होण्याआधीच घूंऽऽ असा आवाज येतोय. माझ्या अँपचा हा गुण मला आजवर कळलाच नव्हता, कारण आधीचा स्पीकर तेवढा हळू आवाज काढतच नव्हता. सेन्सिटिव्ह स्पीकर सगळंच मोठं करतो, तुमचं पाप धरून. दुसरी गोष्ट, माझ्या खोलीत मी स्पीकरपासून सात फुटांवर बसतो. एवढ्या जवळून त्या कर्ण्यातली सतार जरा अंगावर येत होती. थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी केलेली गोष्ट सात फुटांवर ऐकू नये, एवढं शिकलो.

आणखी एका सापळ्यात पडता पडता वाचलो, तो तुमच्यासाठी सांगतो. एका जोडीवर ९३ डीबी लिहिलं होतं. मी खूष. मग खाली बारीक अक्षरात: २.८३ व्होल्टला, ४ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट. चार ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॉट. म्हणजे तो ९३ खरा ९०. खोटं काहीच लिहिलं नव्हतं, फक्त वाचणाऱ्याला गणित करायला लावलं होतं. शिवाय ओहमचा आकडा हा सरासरीसारखा असतो. काही स्पीकर मधल्या स्वरांत तीन ओहमपर्यंत खाली येतात, पुन्हा वर वीसपर्यंत जातात. ट्रान्झिस्टर अँपला फारसा फरक पडत नाही. माझ्यासारखा फीडबॅक नसलेला व्हॉल्व्ह अँप त्या चढउतारासोबत झोके खातो, बास कुठे फुगतो, मधला आवाज कुठे बसतो. म्हणून डीबीइतकंच ओहमचा आलेख किती सपाट आहे, हेही बघायचं. आलेख मिळत नसेल तर मी ती जोडी सोडून द्यायचो.

शेवटी लोखंडी नियमासमोर बसलो आणि स्वतःला विचारलं, तिनांतलं काय सोडू? मी बहुतेक काय ऐकतो? ख्याल, नाट्यगीतं, जुनी रेकॉर्डिंग, थोडं जॅझ. गळा, हार्मोनियम, तबला. यात अगदी खोलातला बास जवळजवळ नाही. सिनेमे मी हेडफोनवर बघतो. मग बास सोडला. पूर्ण नाही, खालचा टोकाचा भाग. आणि छोटी पेटी पण सोडली, कारण नाहीतर आणखी बास गेला असता. म्हणजे खरं तर मी दीड गोष्टी सोडल्या. इंजिनिअरिंगमध्ये असंच होतं, नियम सांगतो तीनपैकी दोन आणि हातात येते दीड.

आठ इंचाचा एकच ड्रायव्हर घेतला, हलक्या कागदाचा, मधे आणखी एक छोटा शंकू असलेला. ही मधल्या छोट्या शंकूची युक्ती इंग्लंडच्या पॉल व्होइटची, तीसच्या दशकातली. पुढे लोथर कंपनीने ती सांभाळली. सर्व स्वर एकाच शंकूतून, मधे क्रॉसओव्हर नाही, त्यामुळे ओहमचा आलेखही बऱ्यापैकी सरळ. कागदावर ९५ डीबी. पेट्या आमच्या सोसायटीच्या मागे असलेल्या सुताराकडून प्लायवूडच्या करून घेतल्या, कमरेएवढ्या उंच. सुताराने विचारलं, "यात कपडे ठेवणार का?" रूममेट एका पेटीवर हेल्मेट ठेवतो. अजून ठेवतो, काही उपयोग नाही सांगून.

पहिले पंधरा दिवस मी दुःखी होतो, हेही सांगून टाकतो. जुन्या छोट्या स्पीकरचा बास गोल होता, भरलेला होता. नव्याचा डग्गा कोरडा वाटायचा. डग्ग्यावर हात पडला की लगेच थांबायचा, मागे गुरगुर राहायची नाही. मला वाटलं पैसे पुन्हा वाया गेले. मग सवय झाली की कान सुधारले, माहीत नाही. एवढं खरं की व्हॉल्यूमचा खटका पूर्वी दोनच्या काट्यावर असायचा, आता नऊच्या पुढे जात नाही.

गेल्या महिन्यात मामा डोळे तपासायला परत आले. तेच रेकॉर्डिंग लावलं. तोच वरचा षड्ज आला, तबला चढला, आवाज उघडाच राहिला. मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, वाढव. वाढवलं. अजून वाढव म्हणाले आणि चप्पल घालून दाराबाहेर गेले. जिन्यावरून त्यांच्या पायांचा आवाज खाली जात राहिला. जत्रेत मशीन लावून झालं की ते असेच गावाच्या टोकापर्यंत चालत जायचे, आवाज पोचतोय का बघायला, हे आईने सांगितलेलं मला तेव्हा आठवलं.

पाच मिनिटांनी धापा टाकत वर आले. "खालच्या मजल्यापर्यंत शब्द कळतोय," म्हणाले. "आता कमी कर. लोकांची झोपायची वेळ आहे."